खडखड नेमकी कुठली?

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या गावाकडच्या घरात रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कळतं, कुठला ट्रॅक्टर कारखान्याला चाललाय आणि कुठला तिथून परत येतोय. घर इंदापूर तालुक्यात, रस्त्यापासून दोन शेतं आत. जाणारा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ऊस ओढत घुमत, दमत जातो. परतणारा येतो तो भांड्यांचं कपाट जिन्यावरून लोटून दिल्यासारखा. ओझं उतरलं तर आवाजही उतरायला हवा, पण हा हिशेब इथे उलटा पडतो. आजोबा म्हणायचे, उथळ पाण्याला खळखळाट फार. म्हण खरीच आहे, पण खळखळाट कुठल्या दगडावर होतो ते ती सांगत नाही.

तो दगड शोधणं हा या प्रकरणाचा विषय आहे. रस्त्यावरून जाणारी गाडी बाहेरच्या माणसाला ऐकू येते तेव्हा तिचा आवाज एक नसतो, आवाजांची मोळी असते. तीतला कुठला ऊस काढला की मोळी हलकी होईल, हे ओळखणं वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे.

आधी ट्रॉलीच घेऊ. भरलेल्या ट्रॉलीत ऊस गादीचं काम करतो. त्याचं वजन सांगाड्याला खाली दाबून धरतं, मोळ्या पत्र्याला टेकून असतात, त्यामुळे पत्र्याला थरथरायला मोकळीक राहत नाही. शिवाय ऊस म्हणजे पाचट आणि पोकळ्या, म्हणजे आवाज पिणारी वस्तू. ऊस उतरला की फाळके बिजागऱ्यांमध्ये हलायला लागतात, साखळ्या पत्र्यावर आपटतात, ट्रॅक्टर आणि ट्रॉली जोडणारी पिन तिच्या झिजून मोठ्या झालेल्या भोकात पुढे-मागे ठोके देते. हलकी झालेली ट्रॉली प्रत्येक खड्ड्यावर उडते आणि ड्रायव्हरही आता मोकळा सुटलेला असतो, वेग वाढलेला असतो. गाडी तीच, पण वाजणारे भाग बदलले. जाताना इंजिन आणि धुराडं बोलत होतं, येताना लोखंड बोलतंय. (ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतील तर तो आवाज कुठून येतो हे ओळखायला शास्त्र लागत नाही, म्हणून ते सोडून देतो.)

ही फोड मी सहज केली, कारण दोन टोकाच्या स्थिती समोर होत्या. बहुतेक वेळा असं सुख नसतं. का नसतं, ते कळायला डेसिबलचा विचित्र हिशेब समजून घ्यावा लागतो.

समजा एका गाडीचा धुराड्याचा आवाज एकटा मोजला तर 80 डेसिबल भरतो, इंजिनाच्या अंगाचा 77, टायरचा 74 आणि सुट्या पत्र्यांच्या खडखडीचा 70. चारही एकत्र वाजले तर बेरीज किती? 301 नव्हे. डेसिबल हे घातांकाचं माप आहे. 10 डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा 10 पट झाली, 3 वाढले म्हणजे जवळपास दुप्पट. त्या हिशेबाने चौघांची बेरीज येते 82.7. आता तुम्ही दोन दिवस खपून, नट-बोल्ट आवळून, रबरं घालून खडखड पुरती बंद केली. नवा आकडा 82.4. तीन दशांशांचा फरक कुणाच्याही कानाला कळत नाही. उलट खडखड तशीच ठेवून नुसतं धुराडं गप्प केलं असतं तर आकडा 79.3 वर आला असता आणि तो फरक रस्त्याकडेच्या माणसाला लगेच जाणवला असता.

म्हणजे मोठा आवाज लहान आवाजांना नुसता झाकत नाही, त्यांच्यावर केलेली मेहनतही गिळून टाकतो. आणि मोठा सापडून गप्प झाला की काल दुसरा होता तो आज पहिला होतो. आवाज कमी करण्याचं काम करणारे इंजिनिअर आयुष्यभर हाच कांदा सोलत असतात. चुकीच्या क्रमाने सोलला तर पैसे जातात, डोळ्यांत पाणी येतं आणि कांदा तेवढाच राहतो.

माझे गेले तसे. काही वर्षांपूर्वी माझ्या मोटारसायकलला ताशी 40च्या आसपास एक चिरका, पत्र्यासारखा आवाज यायला लागला. एका दुकानात दाखवली. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि चेन-स्प्रॉकेटचा नवा सेट बसवून दिला. आवाज जागच्या जागी. मग कुणीतरी बारामतीत भिगवण रस्त्याच्या बाजूला एका मिस्त्रींकडे पाठवलं. टपरीवजा गॅरेज, समोर दोन ॲपे रिक्षा उघडून पडलेल्या. मिस्त्रींनी गाडीला हातही लावला नाही. आधी मलाच प्रश्न.

"क्लच दाबल्यावर जातो का?"

"नाही बहुतेक."

"बहुतेक नको सर, बघून या."

चक्कर मारून आलो. ताशी 40ला क्लच दाबून इंजिन मंद होऊ दिलं की आवाज जायचा, गाडी मात्र तेवढ्याच वेगाने पळत असायची. परत आल्यावर त्यांनी गाडी स्टँडवर घेतली, न्यूट्रलमध्ये हळूहळू ॲक्सिलरेटर पिळला. एका ठरावीक ठिकाणी तोच चिरका आवाज आला, आणखी पिळला तर गेला. "चाकाचा न्हाय, इंजिनाचा हाय. म्हंजी चेन उगाच बदलली तुमची," असं म्हणत त्यांनी हातभर लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला. टॅपेटचं झाकण, क्लचची बाजू, मग सायलेन्सरकडे. शेवटी फडकं गुंडाळून सायलेन्सरवरच्या पत्र्याच्या जाळीदार कवचाला नुसतं दाबून धरलं. आवाज बंद. कवचाचा एक स्क्रू पडून गेला होता. त्यांनी डब्यातला एक जुना स्क्रू आणि वॉशर लावला आणि दहा रुपये घेतले.

पुढे या विषयावर वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, मिस्त्रींनी त्या पंधरा मिनिटांत जे केलं त्याच्या प्रत्येक पायरीला प्रयोगशाळेत एक भारदस्त नाव आहे.

पहिली पायरी, आवाज कोणाच्या तालावर चालतो ते बघणं. गाडीत फिरणाऱ्या वस्तू अनेक, पण त्यांचे ताल दोनच मुख्य: इंजिनाच्या फेऱ्यांचा आणि चाकाच्या फेऱ्यांचा. गिअर बदलला की दोघांचं नातं बदलतं, क्लच दाबला की तुटतं. एका सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो. मिनिटाला 3600 फेऱ्या असतील तर सेकंदाला 60 फेऱ्या, 30 स्फोट. जुनी डिझेल ॲपे रिक्षा उभी असताना छातीत जाणवणारी जी धडधड असते ती याच हिशेबातली, फक्त आणखी मंद. तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर मिनिटाला 2000 फेऱ्यांवर चालला तर सेकंदाला 50 स्फोट. त्याच ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या टायरला एका बाजूला समजा 20 दाते आहेत आणि टायर एका फेरीत सव्वाचार मीटर जातो, तर ताशी 25 किलोमीटरला ते दाते डांबरावर सेकंदाला तेहेतीसेक ठोके देतील. संगणकावर आवाजाचा आलेख काढला की 50ला एक सुळका आणि 33च्या आसपास दुसरा. ड्रायव्हरने गिअर बदलून तोच वेग राखला तर पहिला सुळका सरकतो, दुसरा जागेवर. मिस्त्रींचं "क्लच दाबून बघा" म्हणजे हेच.

दुसरी पायरी, आवाज एकाच ठिकाणी फुटतो का ते बघणं. प्रत्येक पत्र्याला, नळीला, कवचाला स्वतःची एक लय असते. इंजिनाचा ताल त्या लयीला येऊन मिळाला की तो भाग झपाटल्यासारखा थरथरतो, ताल पुढे गेला की शांत होतो. जो आवाज एका ठरावीक वेगालाच येतो आणि आधी-नंतर नसतो, त्याच्या मागे जवळजवळ नेहमी असा एखादा सुटा, पातळ भाग असतो. त्याला हाताने दाबून धरणं ही त्याची सर्वांत स्वस्त परीक्षा.

तिसरी पायरी पेचकसाची. त्याच्याकडे नंतर येतो.

बारामतीच्या गॅरेजमध्ये ॲपे दिसणं साहजिक आहे, ती इथलीच. पियाजिओच्या बारामती एमआयडीसीतल्या कारखान्यात गेली दोन दशकांहून अधिक काळ तीनचाकी गाड्या तयार होतात आणि 2012पासून व्हेस्पा स्कूटरही. या दोन्ही नावांची गंमत या प्रकरणात सांगितलीच पाहिजे. इटालियन भाषेत ‘व्हेस्पा’ म्हणजे गांधीलमाशी आणि ‘आपे’ म्हणजे मधमाशी. दुसऱ्या महायुद्धानंतर 1946मध्ये कोराडिनो डी’अस्कानिओ या विमानविद्येतल्या इंजिनिअरने आखलेली स्कूटर बघून एन्रिको पियाजिओ यांना गांधीलमाशी आठवली, अशी तिच्या नावाची कथा सांगतात. दोन वर्षांनी त्याच स्कूटरच्या मागे दोन चाकं आणि हौदा जोडून सामान वाहणारी कष्टाळू मधमाशी आली. पुणे जिल्ह्याशी पियाजिओचं नातं बारामतीच्याही आधीचं आहे: 1960च्या दशकात बजाजने पियाजिओच्या परवान्यावरच स्कूटर बनवल्या. गुणगुणणाऱ्या कीटकांची नावं घेतलेल्या या गाड्या आपल्याकडे डिझेल पिऊन, गळ्यात खडे भरल्यासारख्या बोलायला लागल्या, हा भाग वेगळा.

डिझेलचा हा खडा आवाज येतो ज्वलनातून. डिझेल सिलिंडरमध्ये फवारल्यावर क्षणभर पेटत नाही. तेवढ्या वेळात साठलेलं सगळं एकदम पेटतं आणि दाब हातोड्यासारखा बसतो. थंडीत, सकाळी, इंजिन गार असताना हा क्षण लांबतो, म्हणून पहाटेची ॲपे दुपारच्या ॲपेपेक्षा जास्त टकटकते. पण दाब सिलिंडरच्या आत असतो. बाहेर ऐकू येतो तो इंजिनाच्या अंगावरून, आणि त्यातही जाड ओतीव भागावरून कमी, तेलाच्या पातळ डब्यावरून, टॅपेटच्या झाकणावरून जास्त. स्पीकरचा कागदी पडदा जसा हवा ढकलतो तसे हे रुंद, पातळ भाग हवा ढकलतात. कंप जन्मतो एकीकडे आणि आवाज बाहेर पडतो दुसरीकडूनच. सगळा गोंधळ इथे आहे.

आता सरकारी मोजमाप. नवं मॉडेल बाजारात आणायचं तर केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. पुण्यात वेताळ टेकडीवर 1966पासून असलेली एआरएआय त्यांतली आपल्या सर्वांत जवळची, अहिल्यानगरची व्हीआरडीईसुद्धा यादीत आहे. जाणाऱ्या गाडीचा आवाज कसा मोजायचा हे आयएस 3028 या भारतीय मानकात ठरवून दिलंय. मोकळं सपाट मैदान, आसपास आवाज परतवणारी भिंत नाही, वारा मंद, परिसराचा स्वतःचा आवाज गाडीपेक्षा निदान 10 डेसिबल खाली. मध्ये 20 मीटरचा पट्टा. पट्ट्याच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे साडेसात मीटरवर, जमिनीपासून 1.2 मीटर उंचीवर एकेक मायक्रोफोन. ड्रायव्हर ठरलेल्या वेगाने येतो, पट्ट्यात शिरताच ॲक्सिलरेटर पुरता दाबतो आणि बाहेर पडताच सोडतो. त्या दीड-दोन सेकंदांत काटा सर्वांत वर जिथे गेला तो आकडा धरायचा. 1 एप्रिल 2005पासून प्रवासी कारला 74 डेसिबलची मर्यादा आहे, 175 सीसीपर्यंतच्या रिक्षेला 77, त्यावरच्या रिक्षेला 80, आणि 150 किलोवॉटच्या वरच्या ट्रक-बसलाही 80. पाच-सहाशे सीसीची रिक्षा आणि अजस्र ट्रक एकाच रेषेवर उभे केलेले बघून मला दर वेळी हसू येतं.

या परीक्षेत आकडा मिळतो, उत्तर मिळत नाही. गाडी 81वर अडकली तर त्या एका डेसिबलचा गुन्हेगार कोण? मग बांधाबांध सुरू होते. जुनी, कष्टाची आणि अजूनही खात्रीची पद्धत म्हणजे गाडीची सगळी तोंडं बुजवायची. धुराड्याला नळी जोडून दुसरा भलामोठा सायलेन्सर लावायचा. हवा ओढणारं तोंड लांब नेऊन गुंडाळायचं. इंजिनाभोवती काचलोकर आणि शिशाचे पत्रे. गाडी लग्नाला निघालेल्या गाठोड्यासारखी दिसते, पण जवळजवळ मुकी होते. मग एकेक गाठ सोडायची. आज फक्त धुराडं उघडं, मोजा. उद्या ते बांधून फक्त हवेचं तोंड उघडं, मोजा. हवेचं तोंड हा फार जणांना न सुचणारा आरोपी आहे. इंजिन धूर फेकतं तसंच झटक्याझटक्याने हवा ओढतं, आणि एअर फिल्टरचा डबा फुटका किंवा झाकण नीट न बसलेलं असेल तर त्या ओढण्याचा घोगरा घुमारा धुराड्याच्या बरोबरीने ऐकू येतो. लोक मात्र सायलेन्सर बदलत बसतात.

टायरचा आवाज वेगळा काढायला आणखी सोपी युक्ती: वेगात येऊन इंजिन बंद करायचं, गाडी मायक्रोफोनसमोरून नुसती घरंगळत जाऊ द्यायची. तुमच्या गाडीचीही उतारावर ही परीक्षा होऊ शकते, पण रस्त्यावर इंजिन बंद करू नका. ब्रेक आणि स्टिअरिंगची मदत जाते, आणि आवाज सापडण्याआधी तुम्ही सापडाल.

गेल्या काही दशकांत या बांधाबांधीच्या जोडीला आवाजाचा कॅमेरा आला आहे. बघायला तो मोठ्या चाकासारखा असतो, त्यावर पन्नास-शंभर छोटे मायक्रोफोन पेरलेले आणि मध्ये साधा व्हिडिओ कॅमेरा. तत्त्व आपल्या दोन कानांचंच. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला डाव्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी वेळ आधी पोचतो आणि मेंदू तेवढ्यावरून दिशा सांगतो. साडेसात मीटरवरच्या गाडीचा आवाज कॅमेऱ्यापर्यंत यायला साधारण 22 सहस्रांश सेकंद लागतात. पण पुढच्या चाकापासूनचा आणि धुराड्यापासूनचा आवाज प्रत्येक मायक्रोफोनला किंचित वेगवेगळ्या उशिराने पोचतो. संगणक गाडीच्या चित्रातल्या एकेका ठिपक्याला विचारतो, आवाज तुझ्याकडून आला असता तर कुठल्या मायक्रोफोनला किती उशीर झाला असता? ज्या ठिपक्याचं उत्तर नोंदीशी जुळतं तो लाल रंगतो. धावत्या गाडीच्या चित्रावर चाकांपाशी, बॉनेटखाली, धुराड्याच्या टोकाला लाल-पिवळे डाग उमटतात.

गाडी धावत असल्याने एक दुरुस्ती मात्र करावी लागते. ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या गाडीचा स्वर खऱ्यापेक्षा 4 टक्के चढा ऐकू येतो आणि पुढे गेल्यावर 4 टक्के उतरता. एकूण घसरण 8 टक्क्यांची. शुद्ध गंधार ते कोमल गंधार अंतर साधारण 6 टक्क्यांचं असतं, म्हणजे गाडी कानासमोरून जाताना त्याहूनही खाली घसरते. इंदापूरच्या बाहेर पुणे-सोलापूर महामार्गाला उभं राहिलं की सारा रस्ता ही एकच मींड घेत असतो. कॅमेऱ्याला मात्र ती मींड आधी काढून टाकावी लागते, नाहीतर सगळा हिशेब चुकतो.

या देखण्या यंत्राला एक दुखणं आहे. आवाजाची लाट जेवढी लांब, तेवढा कॅमेरा आंधळा. 1000 हर्ट्झची लाट 34 सेंटिमीटरची, ती मीटरभर चाकाला सहज पकडता येते. ॲपेच्या इंजिनाच्या 30 हर्ट्झच्या धडधडीची लाट साडेअकरा मीटर लांब, गाडीच्या तिपटीहून जास्त. कॅमेऱ्यात अख्खी रिक्षा लाल होते आणि आजूबाजूचा रस्ताही. म्हणजे सगळ्यात जास्त छातीत बसणारा आवाज कुठून येतो, हे महागड्या यंत्राला धड सांगता येत नाही.

आणि इथे मिस्त्रींचा पेचकस कामाला येतो. तो हवेतला आवाज ऐकतच नाही. लोखंडातला कंप थेट हाडात पोचवतो, लाटेच्या लांबीशी त्याला देणंघेणं नाही. बेअरिंगची घरघर, टॅपेटची टकटक, पिस्टनचा ठोका तो बोटभर अंतराने वेगळा दाखवतो. त्याचीही मर्यादा आहेच. जोरात थरथरणारा छोटा बोल्ट पेचकसाला प्रचंड ऐकू येईल, पण हवा ढकलायला त्याच्याकडे अंग नाही, बाहेर त्याचा आवाज नगण्य. मिस्त्रींनी शेवटी फडक्याने कवच दाबून पाहिलं ते याचसाठी असावं. पेचकसाने संशयित सापडला, हाताने गुन्हा सिद्ध झाला. इंजिनिअर जोडमायक्रोफोनची कांडी वापरतात ती दोन्हींच्या मधली: दोन मायक्रोफोन काही मिलिमीटर अंतरावर समोरासमोर, दोघांच्या दाबातल्या फरकावरून आवाज या पत्र्यातून बाहेर पडतोय की बाहेरून येऊन त्यावर आदळतोय हेही कळतं.

वेग वाढला की खेळच बदलतो. साधारण ताशी 40-50 किलोमीटरच्या पुढे सरळ चालणाऱ्या कारमध्ये इंजिन मागे पडतं आणि टायर पुढे येतं. ट्रकमध्ये हा बदल उशिरा होतो, पण होतो. आमच्या घरून हिवाळ्याच्या रात्री दूरच्या महामार्गाची जी अखंड ‘हूं’ ऐकू येते ती टायरांची. (दिवसा ती नसते. रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार राहते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून परत खाली येतो. भिगवणकडे उजनीच्या फुगवट्याच्या काठावर तर पाण्यावरची गार हवा पलीकडच्या काठावरचं बोलणंही आणून देते.)

टायरचा आवाज मुळात तीन गोष्टींचा. नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतात. नक्षीच्या खाचांत अडकलेली हवा दाबली जाऊन फटकन सुटते, ओंजळ करून वाजवलेल्या टाळीसारखी. आणि टायरची गोलाई व रस्ता यांच्यामधली निमुळती फट तुतारीच्या तोंडासारखी तो आवाज मोठा करून बाहेर फेकते. (बारामतीत तुतारी म्हटलं की हल्ली वेगळंच चिन्ह डोळ्यांसमोर येतं. इथे निव्वळ वाद्य अभिप्रेत आहे.) सगळे ठोकळे एकाच मापाचे असते तर टायर एका सुरात शिट्टी घालत गेलं असतं. म्हणून कारखान्यातच ठोकळ्यांची लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवतात, सूर विस्कटतो आणि उरते ती नुसती सळसळ. रबरिंग केलेल्या, आडव्या जाड पट्ट्यांच्या ट्रक टायरला हा उपकार नेहमी मिळत नाही, आणि मग रात्री एखादा ट्रक दोन किलोमीटरवरून गात येतो. आडव्या रेघा मारलेल्या काँक्रीटवर तर साधं टायरही गातं, कारण तिथे नक्षी रस्त्यालाच असते.

हॉर्नबद्दल थोडक्यात, कारण त्याचा स्रोत शोधावा लागत नाही, तो बसलेला असतो. 2015मध्ये महाराष्ट्राने व्यावसायिक वाहनांच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली. पाटी गेली, सवय राहिली. सायलेन्सर काढून किंवा पोकळ करून फिरणाऱ्या बुलेटचाही स्रोत सगळ्यांना ठाऊक असतो. अशी जप्त केलेली नळकांडी ओळीने मांडून पोलिसांनी त्यावरून रोडरोलर फिरवल्याची चित्रं आपण पाहिली आहेत. अशा गाडीसाठी साडेसात मीटरचं मैदान लागत नाही. उभ्या गाडीच्या धुराड्यापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरून मोजण्याची वेगळी पद्धत आहे.

कांद्याचा सर्वांत मोठा पापुद्रा आता आपोआपच निघू लागलाय. बारामतीच्याच ॲपेचा विजेवर चालणारा अवतार रस्त्यावर आहे. स्फोट नाहीत, धुराडं नाही, हवेचं तोंड नाही. इतकी शांतता झाली की युरोपने 2019पासून विजेच्या नव्या मोटारींच्या मॉडेलना मंद वेगात मुद्दाम आवाज काढायला लावलं, पायी चालणाऱ्याला, विशेषतः न दिसणाऱ्या माणसाला, गाडी आल्याचं कळावं म्हणून.

मागच्या हिवाळ्यात त्या मिस्त्रींकडे पुन्हा गेलो, स्वतःच्या कामासाठी नव्हे, त्यांना भेटायला. विजेची एक रिक्षा समोर उभी होती. रिक्षावाला सांगत होता, नवी घेतली तेव्हा वाजत नव्हती, आता मागून बारीक रडल्यासारखा आवाज येतो, हूडही वाजतं, सीटखालचा पत्राही वाजतो. मिस्त्रींनी त्याला तेच विचारलं, सोडून दिल्यावर जातो का, का तसाच राहतो? मग मागचं चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं, पेचकस गिअरच्या पेटीवर टेकवला आणि डोळे मिटले.

"डिझेलला बी हा दात असाच रडायचा," ते रिक्षावाल्याला म्हणाले. "इंजिन ऐकू द्यायचं न्हाय."